उत्तर न दिलेला हंगाम

हिंगणघाटकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या बाभळींना कापूस लागला की दिवाळी जवळ आली असं समजायचं. बाभळीला कापूस लागत नाही, हे मलाही ठाऊक आहे. शिगोशीग भरलेले टेम्पो सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगकडे जाताना रस्त्यावर झुकलेल्या फांद्यांना घासतात आणि काट्यांत पांढरे पुंजके अडकून राहतात. ऊन तिरपं झालं की एकेक पुंजका उजळतो. लहानपणी मी आणि कुंदा, माझी धाकटी बहीण, आमच्या गावच्या रस्त्यावर सायकल थांबवून असे पुंजके ओढून काढायचो. मी मिशा लावायचो, ती अंबाडा घालायची, आणि तसेच घरी जायचो.

आता मी पन्नाशीला आलो आहे. पिपरी मेघेत घर आहे, वर्ध्याच्या एका कॉलेजात शिकवतो. कुंदा अल्लीपूरला दिली आहे. तिच्याकडे मी भाऊबीजेला जातो, जेवतो, ओवाळून घेतो आणि परततो. पण वेचणीच्या दिवसांत तिच्या शेतात मात्र मी इतक्या वर्षांत गेलो नव्हतो. कॉलेजच्या परीक्षा, सर्दी, पाहुणे, काही ना काही सापडायचं. यंदा गेलो. का गेलो, ते सांगण्यासाठी बरंच मागे जावं लागेल.

आमचं मूळ गाव हिंगणी. बोर धरण तिथून हाकेच्या अंतरावर. शेत काळ्या मातीचं, कापसाची पऱ्हाटी कमरेएवढी वाढायची. पहिल्या वेचणीच्या दिवशी आई सीतादही करायची. शेताच्या कोपऱ्यात, एका भरल्या झाडाच्या बुडाशी, पाच लहान दगड मांडायचे, त्यांना हळदकुंकू लावायचं, दहीभात ठेवायचा. मग घरच्या लेकीने त्या झाडाचा पहिला मूठभर कापूस वेचायचा. ती मूठ ढिगात जायची नाही. तिच्यापासून दिवाळीच्या वाती व्हायच्या. कुंदा वेचायची आणि मी फांदी धरायचो, कारण तिचा हात पुरायचा नाही. पुढे तिचा हात पुरायला लागला, तरी फांदी धरायचं काम माझंच राहिलं.

बाबांचा एक नियम होता. दव वाळल्याशिवाय कापसाला हात लावायचा नाही. ओला कापूस खोलीत रचला की तो आतून तापतो. वरून पाहावं तर शुभ्र, नि खांद्यापर्यंत हात घातला तर चटका बसेल इतका गरम. बाबा आम्हा दोघांना खोलीत नेऊन हात घालायला लावायचे आणि विचारायचे, “थंडा हाय का?” आम्ही म्हणायचो, थंडा हाय. हे मला नंतर फार आठवलं.

एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला मला एका सत्रासाठी परदेशी जायला मिळालं. आमच्या कॉलेजचा बार्सिलोनाच्या एका विद्यापीठाशी करार होता, आणि वस्त्रोद्योगाची दोन मुलं तिकडे जायची. सप्टेंबरच्या सुरुवातीला निघालो तेव्हा शेतात नुसती फुलं होती. आईने डब्यात मागच्या वर्षीच्या वाती दिल्या. कुंदा त्याच उन्हाळ्यात बी.एस्सी. झाली होती. बसस्टँडवर ती म्हणाली, “दादा, समुद्राचा फोटो पाठवजो. पुस्तकातला नोको, तू काढलेला.”

समुद्र पाहिला तेव्हा मी काय केलं, ते अजून कोणाला सांगितलेलं नाही. मी पलीकडचा काठ शोधत उभा राहिलो. मोठं पाणी म्हणजे आमच्यासाठी बोर धरण, आणि धरणाला पलीकडे डोंगर असतो, त्यावर सागाचं रान असतं. इथे नजर जात राहिली आणि कुठे टेकलीच नाही. मग पाण्यात बोट बुडवून चाटलं. खारट असतं हे वाचलेलं होतं, तरी खात्री करून घेतली.

त्या शहराचे आवाज अजून कानात आहेत. गॅसच्या केशरी टाक्या विकणारा माणूस लोखंडी कांबीने टाकीवर ठोके देत गल्लीतून जायचा, आणि वरच्या मजल्यांवरच्या बायका ओरडून त्याला थांबवायच्या. आमच्या गल्लीत भांड्यांना कल्हई करणारा यायचा, तसंच वाटायचं. सकाळी पावाचा वास. ऑक्टोबर सरताना कोपऱ्याकोपऱ्यावर शेगडी मांडून शिंगाड्यासारखे दिसणारे चेस्टनट भाजणाऱ्या बाया बसायच्या. कागदाच्या पुडीत ते गरम दाणे खिशात ठेवले की हात ऊब धरायचे. कपडे गॅलरीत दोन दोन दिवस वाळायचे नाहीत, आणि ओठांवर कायम थोडं मीठ असायचं. मी तिथे सुखी होतो. हे कबूल करायला मला पुष्कळ वर्षं लागली, पण ते खरं आहे. चोवीस वर्षांत पहिल्यांदाच मला कोणी कशासाठी हाक मारत नव्हतं.

घरमालकीण मोंसे नावाची बाई होती, सत्तरीची, ठेंगणी. लहान वयात ती सूतगिरणीत कामाला होती. तिच्या भागातल्या गिरण्या केव्हाच गेल्या, पण त्यांच्या विटांच्या उंच चिमण्या तशाच उभ्या होत्या, मध्येच चौकात, मध्येच एखाद्या बागेत. पहिल्यांदा त्या दिसल्या तेव्हा मी गिरण्यांच्या हिंगणघाटला उतरलो असंच वाटलं. मोंसे माझ्या सदऱ्याची बाही दोन बोटांत चोळायची, डोळे मिटायची आणि धागा कसा आहे ते सांगायची. तिची भाषा मला अर्धी कळायची. बोटांची भाषा पूर्ण कळत होती.

नोव्हेंबर लागला आणि एका शनिवारी दुपारी विद्यापीठाच्या संगणकखोलीत कुंदाचा मेल उघडला. वर्ध्याच्या सायबर कॅफेतून तिने तो आदल्या दिवशी पाठवला होता, इंग्रजी अक्षरांत मराठी.

बाबा मोटरसायकलवरून पडले होते, मांडीचं हाड मोडलं होतं, आई दवाखान्यात त्यांच्याजवळ होती. दोन दिवस अवकाळी पाऊस झाला होता. झाडांवर फुटलेला कापूस ओला होऊन लोंबत होता, ऊन पडताच वेचला नसता तर मातीत गेला असता. वेचणाऱ्या बाया सोमवारी आणि मंगळवारीच मिळणार होत्या आणि घरचं माणूस शेतात उभं राहणं भाग होतं. आणि त्याच सोमवारी नागपूरला कुंदाची मुलाखत होती. एका बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत साहाय्यकाची जागा. तिने हजार वेळा बोलून दाखवलेली, तिला हवी असलेली जागा. शेवटी लिहिलं होतं: “दादा, काय करू? रविवारपर्यंत सांगजो.”

खाली सोबतची मुलं हाका मारत होती, सगळे समुद्रावर निघाले होते. मी मेल बंद केला आणि खाली गेलो.

मला विचार करायला वेळ हवा होता, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे विचार झालेला होता. ‘मुलाखतीला जा’ लिहिलं असतं, तर पुढचं सगळं माझ्याकडे आलं असतं. सेलूच्या काकांना फोन करून शेतावर उभं करायचं, ते नाही म्हणाले तर दुसरं कोणी, तेही नाही तर तिकीट काढून परत. ‘थांब’ लिहिलं असतं, तर तिची जागा घालवणारा मी ठरलो असतो. काहीच लिहिलं नाही तर ती आपण होऊन थांबेल, हे मला नेमकं माहीत होतं. ती तशीच होती. मला ती थांबायला हवी होती. वाळूत बसून मी त्या संध्याकाळी फोटो काढला, तिने मागितलेला. तोही पाठवला नाही.

ती थांबली. सोमवारी, मंगळवारी आणि पुढे आठवडाभर.

दिवाळीला मी खोलीत आईच्या वातींचा डबा उघडला. समुद्राच्या हवेने वाती काळसर पडल्या होत्या, कुबट वास येत होता. पेटवल्या तर चरचरल्या आणि विझल्या. मोंसे दारात उभी होती. तिने एक वात उचलली, बोटांत फिरवली आणि विचारलं, हा कापूस कोण वेचतं? मी म्हटलं, माझी बहीण. तिने विचारलं, तिला तुझी आठवण येत असेल, तू लिहितोस ना? दुसऱ्या दिवशी सकाळी मी संगणकखोलीत गेलो आणि कुंदाला लिहिलं. मेल वाचल्यापासूनचा सोळावा दिवस होता. लिहिलं, की इथली संगणकखोली दोन आठवडे बंद होती, तुझा मेल आजच पाहिला, फार वाईट वाटलं.

तिचं उत्तर त्याच दिवशी आलं. “असू दे दादा. तू काय करणार तिकडून. बाबा बरे हायेत. कापूस वाचला.”

जानेवारीत घरी आलो तेव्हा तिने पहिल्या मुठीच्या वातींतल्या चार माझ्यासाठी ठेवल्या होत्या. पुढच्याच वर्षी तिचं लग्न झालं. अल्लीपूरला तिचं बरं चाललं आहे. विलासराव, माझे मेहुणे, सरळ माणूस. दरवर्षी मे महिन्यात आजूबाजूचे लोक कुंदाकडे बियाणं घेऊन येतात. ती ओल्या गोणपाटावर दाणे मांडते, गुंडाळते, आठवड्याने उघडून सांगते, हे पेरा, हे दुकानदाराला परत न्या. तिचं सांगणं सहसा चुकत नाही. मी एकदाच ते पाहिलं. ती दाण्यांवर वाकली होती, आणि मला तिथे उभं राहवलं नाही.

या ऑगस्टमध्ये कुंदाची मुलगी श्रावणी दक्षिण कोरियातल्या बुसानला गेली, एका सत्रासाठी. तेही समुद्राकाठचं मोठं शहर. नागपूरला ती संगणकशास्त्र शिकते. जाण्याआधी मला म्हणाली, “मामा, तू जाऊन आलेला हायेस. तिथं गेल्यावर काय वाटते?” मी म्हटलं, पलीकडचा काठ दिसत नाही, घाबरू नको. ती हसली. तिने समुद्र आधीच पाहिला होता, गोव्याला.

आणि मग, साधारण तीन आठवड्यांपूर्वी, कॉलेजात दुपारच्या सुट्टीत तिचा संदेश आला. कुंदा बांधावरून घसरली होती, उजवं मनगट मोडलं होतं. तिने मुलीला सांगितलं नव्हतं. पण व्हिडिओ कॉलवर आई डाव्या हातात फोन धरते आणि नुसता चेहराच दाखवते, हे श्रावणीने ओळखलं आणि बापाकडून काढून घेतलं. विलासराव हिंगणघाटच्या जिनिंगात आहेत, हंगामात त्यांना सुट्टी नसते. वेचणी तोंडावर आलेली. खाली लिहिलं होतं: “मी परत येऊ का? सत्र जाईन वाया, जाऊ दे. आईले नोको सांगू. मामा, काय करू?”

माझा हात फोन खणात ठेवायला निघाला होता. हे खोटं नाही. खण अर्धा उघडलाही होता.

मग तो बंद केला आणि तिथल्या तिथे लिहिलं: “येऊ नको. वेचणीले मी जातो.” पाठवलं आणि लगेच फोन लावला, कारण नुसतं लिहून ते खरं होईल याचा मला भरवसा नव्हता. तिला वाटलं, मी मोठेपणाने बोलतो आहे. म्हणून तिला सगळं सांगितलं. संगणकखोली, शनिवार, वाळू, सोळा दिवस. तिच्याकडून लाटांचा आवाज येत होता, की वाऱ्याचा, कोण जाणे.

“आईले माहीत हाय?”

“नाही.”

“मंग मले काऊन सांगून राह्यला? तिले सांग ना.” आणि थोड्या वेळाने, “तू तिले सांगशीन तर मी इथं राह्यतो. नाई तर येतो मी. पाह्य मंग.”

तिच्या वयाला मला असं बोलता आलं असतं तर.

मी रजा टाकली. परवा सकाळी अल्लीपूरला पोचलो तेव्हा कुंदा अंगणात उभी होती, हात गळ्यात बांधलेला. मला पाहून तिला हसू आवरेना. “तू वेचाले आला? दादा, तुये हात पाह्य. खडूचे हात हायेत ते.”

शेतात बाया आधीच आल्या होत्या. एकीने विचारलं, “कुंदाताई, हा नवा गडी कुठून आणला? रोजाचा का जेवणावर?”

“जेवणावर,” कुंदा म्हणाली. “अन् पहा, जास्त जेवते तो.”

कोपऱ्यातल्या झाडाखाली पाच दगड मांडलेले होते. दहीभात ठेवला. श्रावणी नव्हती, तेव्हा पहिली मूठ कुंदानेच वेचायची होती. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हाताने बोंडं निसटत होती. मी पुढे होऊन फांदी धरली. कापूस तिने पदराच्या टोकात बांधला.

मग मी कमरेला कापूस ठेवायची ओटी बांधून ओळ धरली. ती शेजारून चालत माझ्या चुका काढत होती. “पाला संगं नोको आणू. कोरडा पाला चिपकते. दोन्ही हातानं वेच ना, सत्यनारायणाचा प्रसाद घेऊन राह्यला का?” बोंडांची वाळलेली टोकं नखांच्या कडेला टोचत होती. पहिल्याच ओळीत बोटांवर लाल रेघा उठल्या. उन्हात कापसाला एक कोरडा, उबदार वास येतो, नव्या गादीसारखा. तो इतक्या वर्षांनी नाकात गेला आणि मला वाटलं, आता नाही बोललो तर ओळ संपेल.

“कुंदा, तुझा तो मेल,” मी म्हणालो. “मुलाखतीचा. संगणकखोली बंद नव्हती. मी तो शनिवारीच वाचला होता.”

ती चालत राहिली. पाच-सहा झाडं गेली असतील.

“शनिवारी?”

“दुपारी.”

“मंग?”

“मग समुद्रावर गेलो. तू थांबशील हे माहीत होतं. तू थांबावंस असंच वाटत होतं मला. तू गेली असतीस तर मला यावं लागलं असतं.”

ती थांबली. मी ओटीतला कापूस उगाच दाबत उभा राहिलो. ती रडली नाही, ओरडलीही नाही. म्हणाली, “मी त्या कॅफेवाल्याले शिव्या देल्या, दादा. वर्षभर. मले वाटे त्यानं येळेवर पाठवला असता तर खोली बंद व्हायच्या आधी भेटला असता तुले. त्याच्या दुकानापुढून जाताना तोंड फिरवून जाई मी. अन् तो बिचारा नमस्ते करे.” मग म्हणाली, “त्यायनं घेतलं असतं का नाई, कोणाले माहीत. पण गेली असती ना मी. इस्त्रीची साडी काढून ठेवली होती.”

मी माफी मागितली. कशी मागितली ते आठवत नाही, शब्द काही धड नव्हते. तिने हाताने थांबवलं. “श्रावणीले सांगतलं?”

“हो.”

“आधी तिले?” तिला इतकी रागावलेली मी पहिल्यांदाच पाहिली. “पंचवीस वर्ष मले नाई सांगतलं, अन् पोरीले फोनवर सांगतलं. वेच. ओळ पुरी कर.” आणि ती बायांकडे निघून गेली.

मी ओळ पूर्ण केली. दुसरी धरली. पाठ भरून आली. विचित्र म्हणजे मला हलकं वाटत नव्हतं आणि तरी बरं वाटत होतं. बाबांच्या त्या कापसाच्या ढिगासारखं, आत हात घातला तर अजून गरमच होतं, पण निदान खोली उघडली होती.

जेवणाच्या वेळी ती डबा घेऊन आली आणि माझ्यासमोर बसली. भाकरी, ठेचा, उरलेला दहीभात. डाव्या हाताने तिला भाकरी मोडता येत नव्हती. मी मोडून दिली. तिने घेतली. अर्धी खाऊन झाल्यावर म्हणाली, “मंग आता दे.”

“काय?”

“उत्तर. इचारलं होतं ना मी. काय करू?”

मला वाटलं ती टोमणा मारते आहे. तिच्याकडे पाहिलं तर तसं नव्हतं. ती खरोखर थांबली होती, घास हातात धरून.

“मुलाखतीले जा, कुंदा,” मी म्हणालो. “काकाले मी फोन करतो. ते नाई म्हणाले तर मी येतो. कापसाचं पाहू काय होते ते. तू जा.”

तिने ओळींकडे पाहिलं, पार पलीकडच्या बांधापर्यंत, धुऱ्यापर्यंत. “बरं,” ती म्हणाली. “जातो मंग.” आणि घास तोंडात टाकला.

श्रावणीची अट मी तिला सांगितली, तेव्हा तिने फोन माझ्यापुढे केला. “तिले सांग, झालं म्हणा सांगून. नाई तर निघन ते तिकडून.” मी श्रावणीला लिहिलं. तिचा लगेच एक फोटो आला. बुसानचा समुद्र, करडा, नुसतं पाणी. कुंदाने तो जवळ धरून नीट पाहिला. मी तिला पाठवायचा राहिलेला फोटो कुठल्या तरी जुन्या फिल्मवर अजून घरात असेल. शोधायला हवा.

काल पुन्हा गेलो, आजही जाऊन आलो. बोटं सुजली आहेत, हे लिहिताना पेन नीट धरता येत नाही. पहिल्या मुठीच्या वाती वळून झाल्या आहेत. त्यांतल्या चार कुंदाने वेगळ्या कागदात ठेवल्या आहेत, कोणासाठी ते सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. उद्या खालच्या धुऱ्यापासून सुरुवात करायची आहे. दव वाळल्याशिवाय हात लावायचा नाही, हे तिने मला निघताना पुन्हा एकदा बजावलं.